धर्मादाय शर्यत आणि वैयक्तिक देणगी : काही विचार, काही हिशेब

समाजकार्य म्हटले की पैशाचा प्रश्न आला, आणि पैशाचा प्रश्न आला की सभेत शांतता पसरते, हा अनुभव कोणत्याही संस्थेच्या कार्यकर्त्याला नवा नाही. ठराव मांडायला दहा हात वर होतात. पावतीपुस्तक घेऊन घरोघर जायची वेळ आली की तेच हात खिशात जातात. यात आळस थोडा आणि संकोच अधिक असतो. ‘मागायचे कसे?’ हा तो संकोच. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारी शिळ्यापाक्यासाठी उभे राहण्याची सक्ती सोसली आणि ती जिद्दीने झुगारून दिली, त्या समाजातील सुशिक्षित तरुणाला कोणापुढे हात पसरणे जड जावे हे स्वाभाविक आहे. तो संकोच आम्ही कमी लेखत नाही. परंतु भीक आणि देणगी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते ओळखल्याशिवाय संस्था उभ्या राहत नाहीत.

आपल्या विद्यार्थ्यांनी यंदा एक सूचना मांडली आहे. अभ्यासिकेच्या मदतीसाठी शहरात एक शर्यत घ्यावी, आणि प्रत्येक धावपटूने आपापल्या ओळखीच्या लोकांकडून वैयक्तिक देणग्या जमवाव्यात. काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘धावण्याचा आणि देणगीचा संबंध काय? पैसे हवेत तर सरळ मागा.’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा आणि अशा उपक्रमात पैसा कसा मागावा, कसा घ्यावा व कसा सांभाळावा हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न करीत आहोत. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पैशाची वाट ठाऊक असते, एवढीच आमची पात्रता.

परंपरा जुनी, रूप नवे

थोड्या-थोडक्या पैशांतून मोठे काम उभे करणे ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेका माणसाकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाने हात दिला. घरातल्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यावर गावोगावची मुले शिकायची. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग कार्यासाठी द्यावा असे सांगितले, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यात श्रीमंत-गरीब असा भेद नव्हता. शंभर मिळवणाऱ्याने पाच द्यावेत आणि हजार मिळवणाऱ्याने पन्नास. देणारा लहान असला तरी देणे लहान नाही, हे त्यामागचे तत्त्व.

सोलापूरकरांना आणखी एक उदाहरण जवळचे आहे. आपल्या शहरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. त्या पाच डॉक्टरांच्या पथकासाठी देशभरातून लोकवर्गणी जमा झाली होती. कोटणीसांचे नाव अजरामर झाले, ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या प्रवासामागे ज्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत अशा देणाऱ्यांचे हात होते, हेही विसरून चालणार नाही.

शर्यतीशी देणगी जोडण्याची कल्पना मात्र तुलनेने नवी. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली कापावा लागला. कृत्रिम पायावर त्याने १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकापासून धावायला सुरुवात केली. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढे अंतर. मागणी एकच. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडल्यावर रोग फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला. पण त्याआधीच, १९८१ च्या फेब्रुवारीत, निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या पुढे गेला होता. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे तेवढीच होती. प्रत्येकी एक डॉलर, हा त्याचा हिशेब अक्षरशः खरा ठरला. त्याच्या नावाने पुढे अनेक देशांत शर्यती होऊ लागल्या. १९८१ सालीच सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनमधून धावपटूंनी आजवर विविध संस्थांसाठी शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमवली आहे.

आपल्या देशात वृद्धांसाठी काम करणाऱ्या हेल्पएज इंडियाची सुरुवात पाहा. १९७० च्या दशकात दिल्लीत शाळकरी मुलांनी प्रायोजित पदयात्रा काढली, नातलगांकडून पैसे जमवले, आणि त्यातून आलेल्या उत्साहावर पुढे १९७८ साली संस्था नोंदली गेली. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना असे देणगीचे छापील तक्ते घेऊन गल्लीतली घरे पालथी घातली असतील.

मुंबईची शर्यत काय शिकवते?

महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. परंतु शर्यत आणि देणगी यांची सांगड मोठ्या प्रमाणावर घातली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी प्रथम झालेल्या मुंबई मॅरेथॉनने. पुढे ती जानेवारीत होऊ लागली. ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनखेरीज तीत अर्धी मॅरेथॉन असते, ज्येष्ठ नागरिकांची आणि अपंगांची वेगळी दौड असते, आणि हौशी लोकांसाठी ‘ड्रीम रन’ असते. वेळ नोंदवून पदक मिळवण्यासाठी ड्रीम रनमध्ये कोणी उतरत नाही. लोक उतरतात ते एखाद्या कार्याचा फलक हातात धरून.

तिची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. शर्यत भरवणारी कंपनी वेगळी आणि देणग्यांचे काम पाहणारी संस्था वेगळी. गेली अनेक वर्षे हे दुसरे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. स्वयंसेवी संस्था तिच्याकडे नाव नोंदवतात व कागदपत्रे तपासून घेतात. मग पैसा तीन वाटांनी येतो. काही संस्था धावण्याचे क्रमांक घेऊन आपल्या हितचिंतकांना देतात. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे संघ उतरवून त्यांच्या नावे रक्कम देतात. आणि एकेकटी माणसे ‘मी अमुक संस्थेसाठी धावतो आहे’ असे आपल्या परिचितांना कळवून देणग्या जमवतात. अलीकडच्या वर्षांत या एका शर्यतीतून चाळीस कोटींहून अधिक रुपये जमल्याचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत.

या तिन्हीपैकी आपल्या उपयोगाची वाट तिसरी. पहिल्या दोन वाटांना मोठ्या कंपन्यांची ओळख लागते, इंग्रजी पत्रव्यवहार लागतो, मुंबईत माणूस लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्था तेथे मागे पडतात, ही वस्तुस्थिती आहे. पण तिसऱ्या वाटेला लागते ती फक्त माणसाची माणसाशी असलेली ओळख, आणि ती सोलापुरात मुंबईपेक्षा कमी नाही, उलट काकणभर जास्तच आहे.

आता ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर. धावण्याचा आणि देणगीचा संबंध असा की मागणारा स्वतः आधी काहीतरी देतो. तो पहाटे उठतो, दोन-तीन महिने सराव करतो, घाम गाळतो, आणि मग म्हणतो, ‘मी एवढे केले, तुम्ही थोडे करा.’ तेथे हात पसरलेला नसतो, पुढे केलेला असतो. दुसरे असे की शर्यतीला तारीख असते. ‘बघू, देऊ कधीतरी’ म्हणणाऱ्याला तारीख टळत नाही. तिसरे म्हणजे जो कधी संस्थेच्या सभेला आला नसता तो भाच्याला किंवा सहकाऱ्याला प्रोत्साहन म्हणून देतो, आणि त्या निमित्ताने संस्थेचे काम त्याच्या कानावर जाते.

मागावे कसे?

प्रथम आकडा ठरवावा. समजा चाळीस विद्यार्थी धावणार आहेत. प्रत्येकाने पंचवीस माणसांकडून सरासरी दोनशे रुपये आणले तर एका विद्यार्थ्याचे पाच हजार होतात आणि चाळिसांचे दोन लाख. हीच रक्कम एखाद्या धनिकानेही दिली असती. पण मग खोलीवर त्याचे नाव लागले असते. येथे हजार माणसांचा हातभार लागतो. पुढे अभ्यासिकेचे कुलूप कोणी विनाकारण लावू म्हणेल तर विचारणारे हजार जण असतील. संस्थेचे खरे संरक्षण तेच.

प्रत्येक धावपटूने वही घेऊन नावे लिहावीत. पहिल्या पानावर घरचे आणि नातलग, दुसऱ्यावर शेजारी व मित्र, तिसऱ्यावर शिक्षक, कार्यालयातील ओळखीचे, दुकानदार. पहिल्या पानापासून सुरुवात करावी. आणि पहिली नोंद स्वतःची असावी, मग ती दहा रुपयांची का असेना. ज्याने स्वतः दिले नाही त्याच्या मागण्यात जोर येत नाही.

वेळही पाहावी. नोकरदाराकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जावे. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्या घरी पगार आठवड्याचा असतो, तेथे पगाराच्या दुसऱ्या दिवशी जावे. ज्या घरात आजारपण आहे किंवा लग्नकार्य नुकतेच झाले आहे, तेथे फक्त शुभेच्छा मागाव्यात. विडी वळणाऱ्या आजीने दिलेले वीस रुपये आणि अधिकाऱ्याने दिलेले दोन हजार यांना पावती एकाच पुस्तकातून, एकाच अदबीने द्यावी. फलकावर देणाऱ्यांची नावे लावायची तर रकमेशिवाय, अकारविल्हे लावावीत. रकमा लिहिल्या की लहान देणारा पुढच्या वर्षी दार उघडताना कचरतो.

पत्र लिहायचे तर ते आपल्या भाषेत असावे. नमुन्यादाखल एक देतो.

‘ती. मामांना सविनय जयभीम. येत्या जानेवारीत आपल्या संस्थेच्या शर्यतीत मी दहा किलोमीटर धावणार आहे. दोन महिन्यांपासून रोज पहाटे सराव करतो. आपल्या अभ्यासिकेत जागा कमी असल्याने बरीच मुले परत जातात. आणखी टेबल-खुर्च्या आणि दिव्यांसाठी आम्ही पैसे जमवत आहोत. माझ्या प्रत्येक किलोमीटरमागे वीस रुपये, म्हणजे एकूण दोनशे रुपये, आपण द्यावेत अशी विनंती आहे. रक्कम संस्थेच्या खात्यातच जमा होईल आणि पावती मी स्वतः आणून देईन. शर्यतीनंतर पंधरा दिवसांत हिशेब फलकावर लागेल. यंदा जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगावे. आशीर्वाद असू द्यावा. मामींना जयभीम.’

या पत्रात कोण धावणार, कशासाठी, किती, पैसा कोठे जाणार आणि हिशेब कधी मिळणार, या पाचही गोष्टी आल्या आहेत. ‘नाही’ म्हणण्याची वाटही मोकळी ठेवली आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच.

येथे एक धोक्याची सूचना. काही शाळांतून मुलांच्या हाती देणगीचे तक्ते देऊन ‘इतके आणलेच पाहिजेत’ असे बजावले जाते. मग बाप उसनवारी करून मुलाचा तक्ता भरतो. हे दान नव्हे, दंड आहे. दान पारमितेत स्वेच्छेला स्थान आहे, सक्तीला नाही. आपल्या उपक्रमात कोणत्याही विद्यार्थ्यावर रकमेचे बंधन असू नये. जो जमवू शकत नाही त्याने पाणी वाटावे, रस्त्यावर स्वयंसेवक म्हणून उभे राहावे. तेही देणेच आहे.

पैसा कसा घ्यावा, कसा सांभाळावा?

आता आमच्या धंद्याच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, कायद्याची. सार्वजनिक न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी कलम ४१-क खाली ती घेतात. म्हणून चार मित्रांनी मिळून परस्पर पावत्या छापू नयेत. नोंदणीकृत संस्थेच्याच नावाने, क्रमांक घातलेल्या पावत्यांवर आणि कार्यकारिणीच्या ठरावाने काम करावे.

दुसरी गोष्ट, खात्याची. देणगी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नये, मग तो अध्यक्ष असो वा खजिनदार. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या खात्यात त्याचा पगारही येतो आणि घरभाडेही जाते. दोन पाणी एकदा मिसळले की वेगळे करता येत नाही. हल्ली मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे झाले आहे. पण तो चौकोनी कोड संस्थेच्या खात्याचा असावा आणि पाठवणाऱ्याला पडद्यावर संस्थेचे नाव दिसावे. खाते दोघांच्या संयुक्त सहीने चालावे. रोख रक्कम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी भरावी. रोखीतून परस्पर खर्च मुळीच करू नये. आधी भरणा, मग खर्च.

तिसरी गोष्ट, चेकची. चेक संस्थेच्या पूर्ण नावाने आणि ‘अकाउंट पेयी’ रेघा मारून घ्यावा. पावतीवर ‘चेक वटल्यास’ असे लिहावे. व्यवहारातील देण्यापोटी दिलेला चेक न वटल्यास परक्राम्य लेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. देणगी हे कायदेशीर देणे नसल्याने तेथे ते कलम कामाला येत नाही. तेव्हा कबूल केलेली रक्कम म्हणजे जमा रक्कम नव्हे. किलोमीटरमागे ठरवलेले पैसे शर्यतीपूर्वीच घ्यावेत, नपेक्षा शर्यतीनंतर आठ दिवसांत. त्यानंतर उत्साह ओसरतो आणि वसुली करणाऱ्याचे तोंड कडू होते.

चौथी गोष्ट, आयकराची. ‘८०-जी’ या नावाने लोकांना ठाऊक असलेली सवलत ज्या संस्थेला मंजूर आहे, तिला दिलेल्या देणगीवरच करात सूट मिळते. २०१७-१८ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची माहिती आयकर खात्याला कळवून विहित नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यासाठी देणगीदाराचा पॅन क्रमांक लागतो. ज्याने नवी करपद्धती स्वीकारली आहे त्याला ही सूट नाही. नवा आयकर कायदा २०२५ साली संमत झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून पावती छापण्यापूर्वी लेखापरीक्षकाला दाखवावी. आणि जी सवलत आपल्या संस्थेला नाही तिचे आश्वासन कोणालाही देऊ नये. शर्यतीचे प्रवेशशुल्क किंवा टी-शर्टची किंमत ही देणगी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तिच्या बदल्यात माणसाला काही मिळालेले असते.

पाचवी गोष्ट, परदेशस्थ नातलगांची. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी, तो आपल्या रक्ताचा असला तरी, कायद्याने परदेशी ठरते. तिच्यासाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. अशी नोंदणी नसेल तर नम्रपणे नकार द्यावा.

सहावी आणि शेवटची गोष्ट, शर्यतीच्या खर्चाची. मंडप, पाणी, रुग्णवाहिका, पदके यांवर पैसा लागतोच. तो देणग्यांतून काढू नये. खर्चाचे खाते वेगळे ठेवावे आणि तो प्रवेशशुल्कातून व वस्तुरूप मदतीतून भागवावा. गणवेश शिवण्यात आपल्या शहराचे नाव आहे. एखादा कारखानदार बिल्ल्यांसह टी-शर्ट शिवून देऊ शकेल. डॉक्टर मंडळी सकाळचे तीन तास देऊ शकतील. देणगीदाराचा शंभराचा शंभर रुपया अभ्यासिकेत पोहोचला, असे सांगता आले की पुढच्या वर्षी त्याच्या दारावरची घंटा वाजवताना हात कापत नाही. तारीखही विचाराने ठरवावी. जयंतीच्या महिन्यात शर्यत घेण्याचा मोह होईल. पण एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीतली पहाट बरी. जानेवारीत घ्यायची तर सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी व बंदोबस्त पाहून दिवस धरावा आणि पोलिसांची व महापालिकेची परवानगी वेळेत काढावी.

हिशेब हीच कृतज्ञता

वर्गणी देऊन फसलेली माणसे आपल्या गल्लीत आहेत. पैसे जमले, कार्यक्रम झाला, हिशेब मात्र कोणी पाहिला नाही, असे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच आज प्रामाणिक कार्यकर्त्यालाही पहिल्या दारात ‘मागच्याचे काय झाले?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. त्या प्रश्नाचा राग मानू नये. तो विचारणारा माणूस संस्थेचा शत्रू नसून तिचा बिनपगारी लेखापरीक्षक असतो.

शर्यतीनंतर पंधरा दिवसांत एका कागदावर तीन रकाने काढावेत. जमा किती, कोणत्या पावती क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, आणि खर्च कशावर किती. न वापरलेल्या व रद्द झालेल्या पावत्यांचे क्रमांकही लिहावेत. शेजारी बँकेच्या पासबुकाची प्रत लावावी. हा कागद विहारात, अभ्यासिकेत आणि वस्तीच्या फलकावर लागावा. प्रत्येक धावपटूने आपल्या पंचवीस देणगीदारांना पुन्हा भेटून दोन ओळींत सांगावे, ‘आपल्या पैशातून हे झाले.’ मागायला जाणारे पाय पुष्कळ असतात, सांगायला जाणारे थोडे. आणि देणारा दुसऱ्यांदा देतो तो सांगायला आलेल्यालाच.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की ही शर्यत तुम्ही जरूर घ्या. कोण पहिला आला हे लोक आठवड्यात विसरतील. परंतु एका विशी-बाविशीच्या मुलाने मान ताठ ठेवून पैसे मागितले, पै न्‌ पै बँकेत भरली आणि हिशेब घेऊन तो परत दारात आला, हे वस्तीतले लोक विसरणार नाहीत. उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होईल, कोणी नगरसेवक, कोणी एखाद्या संस्थेचा खजिनदार. सार्वजनिक पैसा हाताळण्याचे शिक्षण कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात नाही. ते या पावतीपुस्तकात आहे.

आणि सभासदांना विनंती अशी की दारावर असा एखादा विद्यार्थी आला तर त्याला किती द्यावे हा तुमचा प्रश्न. पण त्याच्याकडून पावती मागून घ्यायला मात्र विसरू नका.